भोवतीचा डोंगर नेला, मी उरलो

मित्रांनो, मी एक जुना दगडी खांब आहे, पण मला कोणी उभारलेले नाही. माझ्या अंगात विटा नाहीत, चुना नाही, आणि मला घडवणारा कारागीर विचाराल तर तोही नाही. माझ्या भोवतीचा डोंगर माणसांनी काढून नेला आणि मला तेवढे जागेवर सोडले. असा मी तयार झालो.

मुलुंडच्या पश्चिमेला, जिथे इमारती संपतात आणि डोंगर सुरू होतो, तिथे एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्या मधोमध मी उभा आहे. पायथ्याशी एखाद्या खोलीएवढा रुंद, वर जाता जाता निमुळता आणि डोक्याशी चार जणांच्या जेवणाच्या टेबलाएवढा. समोरच्या उंच इमारतींच्या गॅलऱ्यांतून मुले माझ्याकडे बोट दाखवतात. कोणी म्हणते हा किल्ल्याचा बुरूज असणार, कोणी म्हणते पाण्याच्या टाकीचा खांब. एका आजोबांनी तर नातवाला सांगितले की इथून मेट्रो जाणार होती, एवढा एकच खांब झाला आणि काम थांबले. ते ऐकून मला फार हसू आले. दगडाला हसता येते का, असे विचारू नका. इतकी वर्षे माणसांच्या मध्ये काढल्यावर येते.

माझा खरा जन्म फार जुना आहे. काही कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थंड झाला आणि त्याचा काळा दगड झाला. पण ते आयुष्य मला आठवत नाही. तेव्हा मी वेगळा नव्हतोच. मी डोंगर होतो. माझी आठवण सुरू होते ती साधारण सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळपासून. त्या दिवशी अण्णा नावाचे एक गृहस्थ उतारावर आले, हातातल्या चुन्याने त्यांनी गवतावर एक चौकोन आखला आणि म्हणाले, "मुकादम, एवढा तुकडा सोडायचा."

अण्णा सरकारी कचेरीतले मोजणीदार होते. डोंगर कोणा एकाचा नसतो, तो सगळ्यांचा असतो. म्हणून जो मालक दगड काढतो, त्याने काढलेल्या दगडाच्या हिशेबाने सरकारकडे भरणा करायचा असतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. त्या पैशातून रस्ते, शाळा, नळ असे काहीबाही व्हावे अशी अपेक्षा असते. पण दगड तर डंपरमधून निघून जातो. त्याची खडी होते, ती कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. जे गेले ते मोजायचे कसे? जे उरले त्यावरून. म्हणून खाणीच्या मध्ये मूळ जमिनीचा एक तुकडा न खणता ठेवतात. खड्डा जितका खोल जाईल, तितका तो तुकडा उंच दिसतो. त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत टेप सोडली की किती खणले ते कळते. तो तुकडा म्हणजे मी. माझे काम एकच, साक्ष देणे.

मुकादमाचे नाव गुणाजी. कणकवलीकडचा माणूस. तरुणपणी परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने चार ठिकाणी चार कामे केली आणि शेवटी या खाणीवर आला. त्याची बायको मालन इथेच खडी भरायची. त्यांची आणि आणखी चाळीसेक घरांची वस्ती खाणीच्या वरच्या अंगाला होती, अजून आहे.

"ह्या गवताचा काय करूचा?" गुणाजीने त्या दिवशी विचारले. "खरवडून काढू?"

"अजिबात नाही. हे गवत म्हणजे सही आहे," अण्णा म्हणाले. "मूळ जमीन इथवर होती, याची सही. ते जिवंत राहिलं पाहिजे."

"म्हणजे ह्येचे केस कापूचे नाय."

"केसही नाही आणि डोकंही नाही."

अशी माझी नेमणूक झाली. सुरुंगाची भोके माझ्यापासून लांब पाडली जात. स्फोट झाला की मी थरथरायचो, पण उभा राहायचो. पहिल्या वर्षी मी जेमतेम तीन फुटांचा झालो. एखाद्या लहान मुलासारखा. दर वर्षी थंडीत अण्णा यायचे आणि मला मोजायचे. तुमच्या घरी भिंतीला टेकवून तुमची उंची मोजतात ना, तसेच. फरक एवढाच की तुम्ही स्वतः वाढता. मी एक इंचही वाढलो नाही. माझ्या बाजूची जमीनच खाली जात होती.

एका वर्षी गुणाजीला माझ्यात आणखी काही दिसले. स्फोटाच्या वेळी एक मोठी शिळा घरंगळत आली आणि माझ्यावर आदळून थांबली. पलीकडे सहा बाया डबे उघडून बसल्या होत्या. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. कोकणात प्रत्येक जागेचा एक राखणदार मानतात. तो दिसत नाही, पण जागा आणि जागेवरची माणसे सांभाळतो. त्याला वर्षातून एकदा नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे मोठ्याने आपले मागणे मांडायचे. दुसऱ्याच दिवशी गुणाजी नारळ घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, तू ह्या जाग्याचो राखणदार. ह्या कामकरी लेकरांका सुखरूप ठेव रे म्हाराजा."

मागे उभी असलेली सगळी माणसे एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मित्रांनो, मी गोंधळून गेलो. सरकारने मला साक्षीदार केले होते, आणि या माणसांनी देव. दोन नोकऱ्या एकाच वेळी करणे सोपे नसते. अण्णा पुढच्या थंडीत आले तेव्हा त्यांना माझ्या पायाशी शेंदूर दिसला. ते चिडतील असे वाटले होते. ते हसले.

"नारळ फोडा, कोंबडं द्या, माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण याच्या डोक्यावर काही चढवू नका."

"नाय चढवूचंव," गुणाजी म्हणाला.

वरपर्यंत चढून नारळ वाढवता यावा म्हणून गुणाजीने माझ्या अंगात पाय ठेवण्यापुरत्या खाचा खोदल्या. खड्डा खोल गेला की खाली आणखी दोन खाचा वाढत.

अण्णांची एक पद्धत मला फार आवडायची. माप घेतले की ते नुसते कागदावर लिहून निघून जात नसत. खाणीच्या फाटकावर त्यांनी मालकाला एक फलक लावायला लावला होता. त्यावर 'या वर्षीची खोली' असे लिहून पुढे मोठा मराठी आकडा रंगवून घेत. तो रंगवून होईपर्यंत ते समोरच्या दगडावर डबा खात बसायचे. डब्यात बहुतेक वेळा मेथीची भाजी असे आणि ती वाटून खायची असे. "आकडा फायलीत राहिला तर फक्त फाईल शहाणी होते," असे ते एकदा मालनला म्हणाले होते.

मालन चौथी शिकलेली. तिने तो फलक रोज वाचला. मी अठरा फुटांचा झालो त्या वर्षी ती वस्तीतल्या बायांना घेऊन सरकारी कचेरीत गेली आणि साहेबांना म्हणाली, "अठरा फूट डोंगर गेला. आमच्या अंगणातून गेला. आमच्याकडे काय आलं ते सांगा." साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग फाईल मागवली. आकडा दोन्हीकडे सारखाच होता. दीड वर्षात वस्तीला नळ आला आणि बालवाडीची एक खोली झाली. नळाला पहिले पाणी आले त्या दिवशी गुणाजीने तांब्याभर पाणी आणून माझ्या पायाशी ओतले आणि बाया इतक्या हसल्या की मला ते अजून ऐकू येते.

ती वर्षे फार छान होती. माझे भाऊबंद शहरभर पसरत होते. समोर जी इमारत वर चढायची तिच्यात मी त्यांना ओळखायचो. कोणी घाटकोपरच्या पुलात होता, कोणी अंधेरीच्या एखाद्या जिन्यात, कोणी चेंबूरच्या फूटपाथखाली. डोंगर मोडला याचे मला दुःख व्हायला हवे होते, पण खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. आपण कोणाच्या तरी घराचे छप्पर झालो, आणि ज्यांनी आपल्याला फोडले त्यांच्या पोरांना बालवाडी मिळाली. दगडाने आणखी काय मागावे?

एकदा नाताळच्या सुट्टीत अण्णा आपल्या मुलीलाही घेऊन आले होते. तिचे नाव ऋता. आठ वर्षांची असेल. तिने खाली उभे राहून टेपचे टोक धरले होते. "ताणून धर," अण्णा वरून म्हणाले. "ढिली सोडलीस तर आकडा खोटं बोलतो." तिने दोन्ही हातांनी, ओठ आवळून टेप धरली. काम संपल्यावर मालनने तिला काळ्या दगडाचा एक गुळगुळीत तुकडा दिला. तो माझाच एक चुलतभाऊ. तो कुठे असेल ते मला माहीत नाही.

मी बावीस फुटांचा झालो त्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग फाटकावरच्या फलकाकडे एकदा पाहून ते उतरून गेले.

गंमत अशी की त्याच सुमाराला एक चांगला कायदा आला. खाण जिथे खणली, तिथल्या माणसांसाठी भरण्यातला एक वाटा वेगळा ठेवायचा, आणि तो तिथल्याच कामांवर खर्च करायचा, असे त्यात होते. ते ठरवायला एक समिती नेमली. वस्तीत आनंद झाला. पण कायदा आला आणि टेप यायची बंद झाली. अण्णांच्या जागेवर कोणी नेमलेच नाही. पहिल्या वर्षी म्हणाले भरती व्हायची आहे, दुसऱ्या वर्षी म्हणाले निवडणूक आहे, तिसऱ्या वर्षी कोणी काही म्हणालेच नाही. फाटकावरच्या फलकावर एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. वाढदिवस होऊन गेला, फ्लेक्स राहिला. पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवा लागला.

खाणीचा मालक बदलला. नव्या मालकाने मोठी यंत्रे आणली. आधी अठरा वर्षांत जेवढे खणले होते, जवळजवळ तेवढेच पाच वर्षांत खणले. कागदावर मात्र खाण फारशी चाललीच नाही असे दिसत होते. कागदावर दगड नाही, म्हणजे भरणा नाही, म्हणजे वस्तीच्या वाट्याला काही नाही. मी तसाच होतो, तोच दगड, तेच काम करणारे हात. पण वर कोण बसले आहे आणि ते मोजायला माणूस पाठवतात की नाही, यावर सगळे ठरत होते. दगडातून नळ निघतो की नुसती धूळ, हे दगडाच्या हातात नसते, हे मला तेव्हा कळले.

चार वर्षांपूर्वी खाण बंद झाली. पण जाता जाता तिने वस्तीची पायवाट तोडली. पूर्वी माणसे उतारावरून दहा मिनिटांत रस्त्याला लागायची. आता तिथे सरळ कडा आहे. शाळेला जायचे तर सगळ्या खड्ड्याला वळसा घालून पाऊण तास. म्हणून पोरे कड्याच्या कपारीतून घसरत उतरायची. गुणाजीची नात निधी तशीच एकदा घसरली आणि तिचे मनगट मोडले. वस्तीने मागणी केली, इथून खाली जिना द्या, कठड्याचा, पक्का. उत्तर आले की तुमच्या खाणीच्या नावावर निधीच शिल्लक नाही. जे थोडे होते त्यातून नाक्यावर एक स्वागत कमान मंजूर झाली होती.

"माझ्या नावाचा निधी संपला म्हणतात आजी," निधी घरी येऊन म्हणाली. तिला प्लास्टर होते, पण चेष्टा करायची सवय मोडली नव्हती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक बाई खाणीत आली. साध्या कुडत्यातली, पाठीला पिशवी. माझ्यापाशी येऊन ती उभी राहिली आणि माझ्यावर हात ठेवला. वस्तीतून मालन उतरत होती. ती थबकली.

"तू अण्णांची ना गं?"

"हो. तुम्ही कसं ओळखलंत?"

"चालणं तेच. पाय आधी चाचपून बघतेस, मग टाकतेस. अण्णा बरे आहेत ना?"

"नोव्हेंबरात गेले," ऋता म्हणाली.

 मालनने पदराने एक दगड पुसला आणि ऋताला त्यावर बसवले. मग वरती पाहून हाक मारली, "अहो, चहा टाका. अण्णांची मुलगी आली आहे." गुणाजी स्टीलची किटली घेऊन खाचखळग्यांतून खाली आला. त्यालाही सांगून झाले. तो बराच वेळ किटलीचे झाकण उघडझाप करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मगे आता माप कोण घेतलो?"

ऋता त्या दिवशी फक्त जागा पाहायला आली होती. वडील आयुष्यभर कुठे कुठे हिंडत होते ते एकदा पाहावे, एवढेच. पण गुणाजीचा प्रश्न ती बरोबर घेऊन गेली. ती कॉलेजात शिकवते, तिला अर्ज लिहिता येतो. तिने चार ओळींचा अर्ज लिहिला. खाणीत मूळ जमिनीचा खांब शाबूत आहे, तो मोजावा, एवढीच मागणी. खाली वस्तीतल्या सदतीस जणांच्या सह्या. तीन महिने काही झाले नाही. मग कचेरीत शर्मिष्ठा नावाच्या नव्या अधिकारी आल्या. त्यांनी अर्ज वाचला आणि तारीख दिली. सगळ्यांसमोर, खाणीतच, मोजणी.

त्या दिवशी सकाळी खाणीत जत्रा भरल्यासारखे झाले. खुर्च्या आल्या, पोरे दगडांवर बसली, कोणीतरी फाटकावरचे सगळे फ्लेक्स उतरवून त्यांचीच सावली केली. खाली अण्णांचा बावीस आकडा अजून होता. मालकाच्या बाजूने विद्याधर नावाचा इंजिनीअर आला. शर्ट इस्त्रीचा, पण बोलण्याच्या ओघात कुडाळ डोकावायचे.

शर्मिष्ठाबाईंनी बूट घट्ट बांधले. "मी साताऱ्याकडची आहे. चढायची भीती नाही," असे म्हणून त्या खाचांतून वर आल्या. मागे विद्याधर आला. आणि माझ्या डोक्यापाशी येऊन दोघेही थांबले.

मित्रांनो, आता मला माझी लाज सांगायला हवी. अण्णा यायचे बंद झाल्यावर गुणाजीला वाटू लागले की राखणदाराला विचारणारे कोणी उरले नाही. त्याने ठरवले, आपणच याची काळजी घ्यायची. दर वर्षी नारळ देताना तो एक घमेले सिमेंट वर चढवायचा आणि माझे डोके लिंपायचा. मायेने. आठ वर्षांचे आठ थर. माझ्या डोक्यावर गुळगुळीत चौथरा झाला होता, आणि गवत कुठेच दिसत नव्हते.

"मॅडम, हा खांब नाही, हे देऊळ आहे," विद्याधर म्हणाला. "देवळाच्या कळसाचं माप कोणी रॉयल्टीला धरतं का?" खाली मालकाची माणसे हसली.

शर्मिष्ठाबाईंनी सिमेंटवर बोट फिरवले. "हे कोणी केलं?"

"मी केलंय," गुणाजी खालून म्हणाला. "वर्साक एक घमेला."

"काका, डोक्यावर मूळ माती दिसली तरच माप धरता येतं. नियमच तसा आहे. आता मूळ जमीन कुठे संपते आणि तुमचं सिमेंट कुठे सुरू होतं हे मी कशावरून ठरवू?"

मालनने डोळे मिटले. "अण्णांनी सांगितलं होतं," ती ऋताला म्हणाली. "डोक्यावर काही चढवू नका. एवढं एकच सांगितलं होतं गं त्यांनी."

ऋता म्हणाली, "बाबांनी सांगितलेलं मीही फारसं ऐकलं नाही, काकू." आणि मग वर पाहून, "सिमेंट फोडून बघता येईल. खाली माती असेल तर तीच बोलेल."

"फोडूचा?" गुणाजी उभा राहिला. "राखणदाराच्या डोक्यात छिन्नी? मी जिता असासर नाय. पोरग्याच्या पोटी एक पोरगी असा माझ्या. तिका काय झाला मगे?"

"तिला जे व्हायचं ते कड्यावरून घसरून झालं," मालन म्हणाली. "अजून किती वाट बघायची? तुम्ही द्या नाहीतर देऊ नका, मी छिन्नी घेते."

 गुणाजीने हत्यारांच्या पिशवीवर हात घट्ट धरला होता. मालनने तो बाजूला केला, छिन्नी आणि हातोडी कमरेला खोचली आणि साठी उलटलेली ती बाई, जिने तरुणपणी या खाणीतून डोक्यावर टोपल्यांनी डोंगर वाहिला होता, ती खाचांतून वर चढू लागली. वर आल्यावर मात्र तिचा हात थांबला. नुसते फोडायचे तिला धाडस होईना. तिने खाली पाहिले. गाऱ्हाणे पुरुषांनी घालायचे, अशी त्यांची रीत. गुणाजी मान खाली घालून उभा होता. मग तिनेच सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या डोक्यावरचो भार उतरूक इलंय रे म्हाराजा."

 खालून वस्तीतल्या माणसांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"चूक आमची, ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी गुणाजीचाही आवाज होता.

"किती डोंगर गेलो, ता आज सगळ्यांच्या समोर दिसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आणि यात सर्वांत मोठा, सर्वांत ठसठशीत आवाज माझ्या डोक्यावरूनच आला. विद्याधरचा. लहानपणापासून कुडाळच्या देवळात उभे राहून जी जीभ वळली होती, ती सवयीने वळली. हात जोडलेले होते, डोळे मिटलेले. स्वतःचा आवाज ऐकून त्याने डोळे उघडले.

खाणीत असे हसू मी कधी ऐकले नव्हते. पोरे हसली, बाया हसल्या, मालकाची माणसेही तोंड फिरवून हसली. शर्मिष्ठाबाईंनी वही तोंडासमोर धरली.

"कुडाळचो ना रे तू?" गुणाजी खालून म्हणाला. "देवाक व्हय म्हटलंस. आता मॅडमांका नाय म्हणशीत?"

 विद्याधरने खिशातून रुमाल काढून मान पुसली, मग मालनच्या हातातली हातोडी घेतली आणि म्हणाला, "काकी, तुम्ही सरका. छिन्नी तिरकी धरायला हवी, नाहीतर खालची माती विस्कटेल."

एकेक थर निघत गेला. आठवा निघाला आणि खाली तांबूस माती दिसली. तिच्यात वाळलेल्या गवताची मुळे होती, पिवळी, बारीक, एकमेकांत गुंतलेली. शर्मिष्ठाबाई गुडघ्यांवर बसल्या. "ही मूळ जमीन," त्या म्हणाल्या. "आणि काका, हे सिमेंट नसतं ना, तर आठ पावसाळ्यांत आणि यंत्रांच्या हादऱ्यांत ही माती कधीच सुटून गेली असती. मग माप कमी भरलं असतं." गुणाजीने ते ऐकले आणि तो खाली बसला. रडत होता की हसत होता ते मला वरून दिसले नाही.

टेप वरून सोडली. खाली ऋताने टोक धरले. दोन्ही हातांनी, ओठ आवळून. शर्मिष्ठाबाईंनी आकडा मोठ्याने वाचला. मातीपासून तळापर्यंत एकेचाळीस फूट. वरचे अर्धा फूट सिमेंट त्यात धरलेच नव्हते. मोजणीच्या कागदावर विद्याधरने सही केली आणि पेन परत देताना हळूच विचारले, "गाऱ्हाण्याचं कागदात येणार नाही ना?"

सगळे लगेच सुरळीत झाले असे समजू नका. मालक अपिलात गेला आहे, ते चालू आहे. पण पहिला हप्ता जमा झाला आणि समितीची बैठक या वेळी बंद खोलीत न होता वस्तीत झाली. फ्लेक्सवरचे नेते आले. ते म्हणाले, कमान आधीच मंजूर आहे, ती सुंदर होईल, तिच्यावर वस्तीचे नाव येईल. मालन म्हणाली, "होऊ दे ना साहेब. पण कमानीखालून जायला आधी रस्त्याला लागावं लागेल." हात वर करून मते घेतली. जिन्याच्या बाजूने इतके हात वर झाले की नेत्यांनी आपलाही हात वर केला आणि तो फोटोत नीट येईल असा धरला. मला त्यात काही वाईट वाटले नाही. हात तर वर झाला.

जिना झाला. एकशे बारा पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्या दिवशी निधी मनगट हलवत सगळ्यांच्या पुढे उतरली आणि खाली पोचून परत वर पळाली, का, तर वेळ उरला म्हणून.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्याही आसपास कुठे ना कुठे काहीतरी खणले जात असेल. डोंगर असेल, वाळू असेल, माती असेल. खणू नका असे मी सांगत नाही. माझ्याच भावांवर तुमची घरे उभी आहेत. पण खणताना मध्ये एक तुकडा सोडायला सांगा. त्याच्यावर प्रेम करा, पण त्याला झाकू नका. आणि तो मोजायला कोण येते, आकडा कुठे लिहितात, हे विचारायला लाजू नका. तुम्ही लहान असलात तरी आकडा वाचता येतो ना? मग पुरे.

या जानेवारीत शर्मिष्ठाबाई पुन्हा आल्या, बरोबर ऋताही. गुणाजीने त्यांना पाहून विचारले, "खाण तर बंद असा. आता काय मोजूचा?"

"काही गेलं नाही, हेसुद्धा लिहावं लागतं काका," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

ऋताने टेप धरली. मालनने फलकावरचा गेल्या वर्षीचा आकडा खरवडला आणि रंगाचा डबा उघडला. एकेचाळीस. गेल्या वर्षी होता तोच. या वर्षी मी वाढलो नाही, मित्रांनो. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.